ईव्हीतली १२ व्होल्टची बॅटरी कमजोर झाली की कन्व्हर्टरचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वीसेक वर्षं डायनामो, सेल्फ, वायरिंग हेच केलं, आता चार-पाच वर्षं झाली इलेक्ट्रिक गाड्या पण यायला लागल्यात आणि फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. माझं म्हणणं एवढंच की कोणी "कन्व्हर्टर गेला" म्हणून सांगितलं तर आधी छोट्या म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीला मीटर लावा, आणि छोटी बॅटरी परत परत उतरत असेल तर मग कन्व्हर्टरकडे बघा. कन्व्हर्टर म्हणजे गाडीच्या मोठ्या बॅटरीतून छोटीला भरणारा डबा, ही दोघं एकाच वायरवर जोडलेली आहेत, एकाचं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर दिसतं, आणि चुकीचा पार्ट बदलला की पैसे गिऱ्हाइकाचेच जातात.

गाडीत एवढी मोठी बॅटरी असताना ही छोटी १२ व्होल्टची कशाला ठेवलीय?

कारण गाडी लॉक असते तेव्हा मोठी बॅटरी बाकी गाडीपासून तोडलेली असते. मोठ्या पॅकमध्ये बहुतेक गाड्यांत तीन-चारशे व्होल्ट असतात आणि तेवढं व्होल्टेज वायरमध्ये चोवीस तास उभं ठेवणं धोक्याचं, म्हणून पॅकच्या आतच कॉन्टॅक्टर नावाचे मोठे रिले बसवलेले असतात, आणि त्यांची कॉइल चालते १२ व्होल्टवर. तुम्ही बटण दाबता, छोटी बॅटरी आधी गाडीचे कॉम्प्युटर जागे करते, ते तपासणी करतात, मग कॉन्टॅक्टर बसतात (शांत जागी उभे राहिलात तर सीटखालून "टक्" असा आवाज येतो तो हाच) आणि मग कुठे मोठी बॅटरी गाडीला जोडली जाते. आता छोटीच मेली असेल तर तो टक् होतच नाही, मोठ्या बॅटरीत ८० टक्के चार्ज असला तरी गाडी जागची हलत नाही, काही गाड्यांचं तर दारसुद्धा रिमोटने उघडत नाही, रिमोटच्या आतली किल्ली काढून उघडावं लागतं.

डीसी-डीसी कन्व्हर्टर म्हणजे डायनामोच ना?

काम तेच, पद्धत वेगळी. डायनामो इंजिनवर फिरतो, कन्व्हर्टरमध्ये फिरणारं काहीच नाही, तो मोठ्या बॅटरीचे तीन-चारशे व्होल्ट घेतो, मॉसफेट नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचने ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली आणतो आणि साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट बाहेर देतो. ट्रान्सफॉर्मर मध्ये असल्यामुळे हाय व्होल्टेजची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू एकमेकींना थेट चिकटत नाहीत, तुमचा जीव त्यावर आहे. कारमधला कन्व्हर्टर बहुतेक वेळा दीड ते तीन किलोवॅटचा असतो. दोन किलोवॅटचा धरला तर १४ व्होल्टला १४० अँपिअरच्या आसपास, म्हणजे डायनामोपेक्षा कमी अजिबात नाही. हेडलाईट, वायपर, ब्लोअर, पॉवर स्टिअरिंग, ब्रेकचा बूस्टर, पाण्याचे पंप, स्क्रीन, सगळं त्याच्यावर.

मग बॅटरी खराब झाली तर कन्व्हर्टरला त्रास कसा काय होतो? तो तर उलट बॅटरीला देतोय.

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समजा बॅटरीतला एक सेल शॉर्ट झाला. लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी २.१ व्होल्टच्या आसपास, एक गेला की १२.६ च्या जागी १०.५ राहतात. कन्व्हर्टरला हे कळत नाही, त्याला सांगितलंय की १४.२ ठेवायचे, तो ठेवत राहतो आणि आता ते १४.२ सहाच्या ऐवजी पाच सेलमध्ये वाटले जातात, म्हणजे एकेका सेलला २.३७ च्या जागी २.८४. ते पाच सेल उकळायला लागतात, बॅटरी फुगते, सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि बॅटरी कधी भरतच नाही त्यामुळे करंट कधी उतरतच नाही. चांगली बॅटरी गाडी चालू केल्यावर दहा-वीस मिनिटं करंट ओढते आणि मग दोन-तीन अँपिअरवर येते, कन्व्हर्टरला श्वास मिळतो. शॉर्ट सेलवाली तीस-चाळीस अँपिअर सतत मागत राहते, तुम्ही नाशिकहून मुंबईला जाईपर्यंत. ९३ टक्के एफिशियन्सी धरली तरी दीड किलोवॅट देताना शंभर-सव्वाशे वॅट नुसती उष्णता होते, ती कूलंटने बाहेर न्यायची, आणि हे रोज चाललं की आतले कपॅसिटर, सोल्डर, मॉसफेट लवकर म्हातारे होतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ हिशोब असा की दर १० अंश वाढले की आयुष्य निम्मं.

दुसरी बाजू याच्या अगदी उलट आहे आणि ती लोकांच्या लक्षातच येत नाही. बॅटरी वाळली, प्लेटवर सल्फेट जमलं, आतला रेझिस्टन्स वाढला, तर ती करंट ओढतही नाही आणि देतही नाही, आणि आपल्याला वाटतं बरं झालं, कन्व्हर्टरला काम कमी. पण बॅटरी नुसती साठवायला नाही, ती धक्के खायला पण असते. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या स्टिअरिंग फिरवलं की पॉवर स्टिअरिंगची मोटर क्षणात मोठा करंट ओढते, ब्रेक जोरात दाबला की एबीएसचा पंप ओढतो, हे इतकं झटकन होतं की कन्व्हर्टरच्या कंट्रोलला तेवढ्यात पोचता येत नाही, तो मधला क्षण बॅटरी सांभाळते. बॅटरीत दम नसला तर व्होल्टेज खाली आपटतं, आणि लोड सुटला की तसंच वर उडी मारतं. खाली आपटलं की कॉम्प्युटर रीसेट, वर उडी मारली की कन्व्हर्टरच्या आउटपुटच्या मॉसफेटवर आणि गाडीतल्या सगळ्या कंट्रोल युनिटवर ताण. विहिरीतून पंप लावून थेट नळाला पाणी दिलं, मध्ये टाकी ठेवलीच नाही तर नळ उघडताना-मिटताना पाईपला जसे हादरे बसतात तसं.

म्हणजे खराब बॅटरीने कन्व्हर्टर जळतोच का?

नाही, तसं सांगून मी कोणाला घाबरवणार नाही. चांगल्या कन्व्हर्टरमध्ये करंट लिमिट असतं, टेम्परेचर वाढलं की तो स्वतःच आउटपुट कमी करतो, शॉर्ट झालं तर बंद होतो. बहुतेक वेळा तो बॅटरीच्या आधी मरत नाही. पण आउटपुट कमी झालं, बॅटरीही रिकामी, आणि रात्र, पाऊस, एसी, वायपर, हेडलाईट सगळं चालू, अशा वेळी १२ व्होल्टची लाईन घसरते आणि गाडी रस्त्यात पॉवर कमी करते किंवा थांबते. जळण्यापेक्षा ही भीती मला जास्त आहे, कारण ती घाटात होऊ शकते.

तुमच्याकडे आलेली एखादी खरी केस सांगा ना.

सिन्नरचे एक काका. पहाटे मुलीला विमानतळावर सोडायचं होतं, गाडी मेलेली. टोचन करून वर्कशॉपला नेली तर तिथे सांगितलं की कन्व्हर्टर आणि चार्जर एकत्र युनिट आहे, पूर्ण बदलावं लागेल, आणि जो आकडा सांगितला तो ऐकून काका दोन दिवस जेवले नाहीत असं काकूच म्हणाल्या. शेवटी ओळखीतून माझ्याकडे फोन आला, मी घरी गेलो. बॉनेट उघडलं, मीटर लावला, ८.९ व्होल्ट. दुसरी चांगली बॅटरी जंपरने जोडली, स्क्रीन उजळली, टक् झालं, रेडी लागलं (म्हणजे गाडी चालायला तयार), जंपर काढला. मीटरवर १४.१. म्हणजे कन्व्हर्टर व्यवस्थित देतोय! मग बॅटरीच्या वायरला डीसी क्लॅम्प मीटर लावला, ३८ अँपिअर आत जातायत, ठीक आहे, रिकामी आहे म्हणून घेत असेल. चहा झाला, वीस मिनिटांनी परत बघितलं तर अजून २९. हात लावून बघितला तर एका टोकाची बाजू चांगलीच गरम, बाकीची कोमट. एक सेल बसला होता. त्याच मापाची नवीन एजीएम (सीलबंद लेड-ॲसिडचाच एक प्रकार) बॅटरी टाकली, अर्ध्या तासात करंट ३ अँपिअरवर आला. पाचेक हजारात काम झालं आणि ती गाडी अजून त्याच कन्व्हर्टरवर चालतेय. बॅटरीला लोड टेस्ट (भार टाकून व्होल्टेज किती पडतं ते बघणं) न करता एवढ्या महाग युनिटवर बोट ठेवणं मला पटत नाही, मग ते कोणीही असो.

छोटी बॅटरी कमजोर होतेय हे आधी कसं कळणार?

पेट्रोल गाडीत सेल्फ मारताना घर्र... घर्र... असा आवाज दमला की आपल्याला समजायचं, आठवडाभर आधी सूचना मिळायची. ईव्हीत सेल्फच नाही, जागं व्हायला थोडासाच करंट लागतो, त्यामुळे बॅटरी अगदी शेवटपर्यंत काम करते आणि एक दिवस एकदम गप्प होते. तरी काही गोष्टी दिसतात. स्क्रीन उशिरा उजळणं, गाडी चालू करताना एकदम तीन-चार वॉर्निंग येणं आणि परत चालू केल्यावर सगळ्या गायब होणं, घड्याळ रीसेट होणं, सेंट्रल लॉक कधी चालणं कधी न चालणं, मोबाईल ॲपवर गाडी ऑफलाईन दिसणं, चार्जिंग गन लावली तरी चार्जिंग सुरूच न होणं. हे शेवटचं लक्षात ठेवा, लोक चार्जरवाल्याशी भांडतात आणि दोष असतो बॉनेटखाली.

घरच्या घरी मीटरने कसं बघायचं?

चार-पाचशे रुपयांचा साधा मल्टिमीटर चालतो. गाडी बंद करून लॉक करून तीन-चार तास तरी उभी राहू दे, मग बॅटरीच्या दोन टर्मिनलवर बघा. १२.६ ते १२.८ म्हणजे छान, १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आजच काहीतरी करा. आता गाडी रेडीला लावा आणि परत बघा, १३.५ ते १४.५ च्या मध्ये आलं तर कन्व्हर्टर काम करतोय. रेडीला लावूनही आकडा जागेवरच राहिला किंवा हळूहळू खाली जायला लागला तर कन्व्हर्टर, त्याचा फ्यूज किंवा मधली केबल, यातलं काहीतरी आहे. एक गोष्ट मात्र सांगतो, काही गाड्या बॅटरी भरली की मुद्दाम व्होल्टेज १३ च्या आसपास आणून ठेवतात, तो दोष नाही, अशा वेळी हेडलाईट आणि ब्लोअर लावून दहा मिनिटं बघा, एका रीडिंगवर निकाल देऊ नका.

केशरी रंगाच्या केबलला आणि त्या जातात त्या डब्यांना हात लावायचा नाही. आपलं काम फक्त १२ व्होल्टच्या बॅटरीपुरतं. मी स्वतः हाय व्होल्टेजच्या बाजूला ट्रेनिंग आणि इन्सुलेटेड हातमोजे असल्याशिवाय जात नाही.

नवीन बॅटरी टाकली, पंधरा दिवसांत परत उतरली. बॅटरीच खराब दिली का?

शक्य आहे, पण बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी निघतं. पहिलं विचारतो, डॅशकॅम आहे का? जीपीएस ट्रॅकर? बाहेरून लावलेला ॲम्प्लिफायर? पार्किंग मोडचा डॅशकॅम ०.३ अँपिअर जरी ओढत असेल तरी दिवसाला ७.२ अँपिअर-तास, आणि ३५ अँपिअर-तासाची बॅटरी अडीच दिवसांत अर्धी. व्यवस्थित झोपलेली गाडी ५० मिलिअँपिअरच्या आत ओढते, तिला अर्धी व्हायला दोन आठवडे लागतात. फरक बघा केवढा आहे.

दुसरं, टर्मिनल आणि अर्थिंग. कोकणातल्या आणि मुंबईतल्या गाड्यांना हे फार होतं, खारी हवा, टर्मिनलवर पांढरी-हिरवी फुलं येतात. १० मिलिओम एवढा किरकोळ रेझिस्टन्स आला तरी ५० अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच खाल्ला जातो, कन्व्हर्टर १४.२ देतोय पण बॅटरीला पोचतायत १३.७, ती कधी पूर्ण भरत नाही, अर्धवट राहून सल्फेट धरते आणि वर्षात जाते. म्हणून बॅटरी बदलताना टर्मिनल घासून, गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून, ग्रीस लावूनच बसवा.

आणि तिसरं, कन्व्हर्टर खरंच देत नाहीये. दोन बॅटऱ्या बदलून झाल्या आणि तिसरी घ्यायला आलात तर मी देणार नाही, आधी गाडी तपासू.

ह्युंदाई आणि किआच्या गाड्यांचं आयसीसीयू प्रकरण हेच का?

हो, आणि समजून घेण्यासारखं आहे. त्या गाड्यांमध्ये ऑनबोर्ड चार्जर (गाडीतच बसवलेला) आणि डीसी-डीसी कन्व्हर्टर एकाच युनिटमध्ये आहेत, त्याला आयसीसीयू म्हणतात. ते खराब झालं की १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होणं थांबतं, आणि ती उतरत गेली की गाडीची पॉवर जाते. २०२४ मध्ये आयोनिक ५, ईव्ही६ आणि त्यांच्यासारख्या गाड्यांचे रिकॉल झाले, भारतात आयोनिक ५ च्या १,७४४ आणि ईव्ही६ च्या १,१३८ गाड्या होत्या, अमेरिकेत त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दोन लाखांहून जास्त. उपाय म्हणजे सॉफ्टवेअर अपडेट आणि गरज असेल तर युनिट व फ्यूज बदलून देणं, फुकट.

इथे गंगा उलटी वाहते. बॅटरीने कन्व्हर्टरला त्रास दिलेला नाही, कन्व्हर्टरने बॅटरी मारलीय, पण स्क्रीनवर वॉर्निंग येते १२ व्होल्टच्या बॅटरीची! साहजिकच माणूस बॅटरी बदलतो आणि निघतो. अशी वॉर्निंग चालत्या गाडीत आली तर बॅटरी चेक करा असं न समजता डायनामो बंद पडलाय असं समजा, बाजूला घ्या, एसी-म्युझिक बंद करा, मदत बोलवा. जुनी गाडी सेकंडहँड घेत असाल तर चॅसिस नंबर देऊन रिकॉलचं काम झालंय का हे आधी विचारून घ्या.

जंपर लावून चालू केली तर चालेल का? आणि माझ्या ईव्हीवरून मित्राची डिझेल गाडी?

पहिलं चालेल, गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या पॉईंटला, आधी प्लसला प्लस, मायनस शेवटी बॉडीला. उलटं लावलं तर मात्र एका ठिणगीत फ्यूज आणि कन्व्हर्टरचं आउटपुट दोन्ही जाऊ शकतं, त्यामुळे अंधारात घाईत करू नका, मोबाईलचा टॉर्च लावा, खुणा वाचा, मगच.

दुसरं नको. डिझेल गाडीचा सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, ईव्हीची छोटी बॅटरी त्यासाठी बनवलेलीच नाही आणि मागे उभा कन्व्हर्टर त्या झटक्यात लिमिटला जातो. बहुतेक कंपन्यांनी पुस्तकात हे करू नका म्हणून लिहिलेलं आहे. मित्राला नाही म्हणायला वाईट वाटतं पण म्हणा.

लिथियमची १२ व्होल्ट बॅटरी टाकली तर जास्त टिकेल ना?

कंपनीने गाडी तशी बनवली असेल तर उत्तम, टेस्लाने २०२१ पासून छोटी बॅटरी लिथियमची करायला सुरुवात केली, पण त्यांनी कन्व्हर्टर आणि सॉफ्टवेअरही त्याप्रमाणे बदललं. आपल्या लेड-ॲसिडच्या गाडीत बाहेरून आणून टाकली तर कन्व्हर्टर जुन्या हिशोबानेच चार्ज करणार. शिवाय लिथियमच्या आत बीएमएस (बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट) असतो, त्याला धोका वाटला की तो एका क्षणात बॅटरी तोडतो, आणि चालत्या गाडीत बॅटरी अशी अचानक सुटली की वर सांगितलेली ती व्होल्टेजची उडी येते. मी टाकून देत नाही. जे माप, जो प्रकार कंपनीचा, तोच. एजीएम असेल तर एजीएमच.

किती वर्षांनी बदलायची?

साधारण तीन ते चार वर्षं. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातं, तिकडच्या लोकांनी दोन वर्षांनंतर दर उन्हाळ्याआधी लोड टेस्ट करून घ्यावी. आणि हो, मोठ्या बॅटरीची बऱ्याच गाड्यांत ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी असते ती या छोटीला लागू नाही, हिची वेगळी आणि बरीच कमी असते, बिल जपून ठेवा.

बदलताना काय सांभाळायचं?

गाडी पूर्ण बंद, चार्जिंग गन काढलेली, लॉक करून दहा-पंधरा मिनिटं थांबा म्हणजे सगळे कॉम्प्युटर झोपतात. आधी मायनस काढा. रेडीला असताना बॅटरीची वायर कधी, कधी, कधीच काढायची नाही. जुन्या पेट्रोल गाडीत डायनामो चालतोय का बघायला चालू गाडीत टर्मिनल काढायची सवय आपल्या लाईनमध्ये बऱ्याच जणांना आहे, ईव्हीत ती सवय कन्व्हर्टर मारते. मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल तर तो ओढून-ठोकून काढू नका, बॅटरी किती भरलीय हे त्याच्यावरूनच गाडी ठरवते.

ई-स्कूटरला पण हे सगळं लागू होतं का?

थोडंफार. बऱ्याच स्कूटरमध्ये छोटी बॅटरी नसतेच, ४८, ६० किंवा ७२ व्होल्टवरून छोटा कन्व्हर्टर थेट लाईट-हॉर्नला देतो. तिथे जास्तीचे हॉर्न आणि फोकस लावले की कन्व्हर्टर मरतो, तेवढं टाळा.

महिनाभर गावी जातोय, गाडी पार्किंगमध्ये उभी राहणार. काय काळजी घेऊ?

काही गाड्या उभ्या असताना मधून मधून स्वतः जाग्या होऊन मोठ्या बॅटरीतून छोटीला भरतात, काही नाही करत, तुमची करते का हे पुस्तकात असतं. करत असेल तर मोठी बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवा, अगदी तळाला नको, कारण मोठी खाली गेली की हे भरणं बंद पडतं. करत नसेल तर शेजाऱ्याला किल्ली देऊन आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी रेडीला लावून ठेवायला सांगा, नुसतं दार उघडून रेडिओ लावला तर उलट बॅटरी उतरते, हे त्याला नीट सांगा. डॅशकॅमची पिन काढा. आणि किल्ली गाडीजवळच्या खिडकीत टांगून ठेवू नका, कीलेस गाडी किल्ली जवळ आहे असं समजून परत परत जागी होते.